बुलेटचे मागचे शॉकअप बदलायचेत? आधी वजन काढा

शॉकअप मागितला की काउंटरवरचा पहिला प्रश्न असतो, "मॉडेल कोणतं?" दुसरा, "साधा देऊ का डब्ब्याचा?" गाडीवर रोज कोण बसतं, मागे काय बांधलं जातं, घर डांबरी रस्त्याला लागून आहे की पांदणीच्या आत, हे कुणी विचारत नाही. निवड ठरते ती मात्र याच गोष्टींवर. एकाच वर्षाच्या, एकाच रंगाच्या दोन क्लासिक ३५० समजा. एक यवतमाळच्या मास्तरांची, ते एकटेच शाळेत जातात. दुसरी आर्णीकडच्या शेतकऱ्याची, तिच्यावर मागे बायको आणि हंगामात कॅरियरवर युरियाची गोणी. दोघांनाही दुकानातून एकच जोडी मिळते. मास्तरांची पाठ दणके खाते आणि शेतकऱ्याच्या गाडीचा टायर खड्ड्यात मडगार्डला घासतो.

म्हणून या लेखात ब्रँडचं नाव बरंच उशिरा येईल. आधी मोजमाप, मग हिशोब, मग खरेदी. लेख मुख्यतः मागे दोन शॉकअप असलेल्या जड गाड्यांसाठी आहे. नवी क्लासिक ३५० म्हणजे १९५ किलो, होंडाची हायनेस सीबी३५० म्हणजे १८१ किलो, इंटरसेप्टर ६५० तर २०० च्या वर. हिमालयनसारख्या एका शॉकअपच्या गाड्यांबद्दल पुढे थोडं लिहिलं आहे.

खरंच शॉकअप गेला आहे का?

"मांगून लय उसळून राह्यली गाडी, भाऊ" ही तक्रार घेऊन येणाऱ्या सगळ्यांचा शॉकअप गेलेला नसतो. पैसे काढण्याआधी चार गोष्टी बघा.

सर्वात आधी मागच्या टायरची हवा. एकट्यासाठी किती आणि डबलसीटसाठी किती, हे गाडीच्या पुस्तकात वेगवेगळं दिलेलं असतं. पंक्चरवाला मात्र "चाळीस टाकली, टेन्शन नको" म्हणून मोकळा होतो. जास्त हवेचा टायर प्रत्येक गिट्टी तुमच्या कण्यापर्यंत पोचवतो आणि दोष शॉकअपवर येतो.

दुसरं, चिमटा, म्हणजे मागचं चाक धरून वर-खाली हलणारी लोखंडी फ्रेम. गाडी सेंटर स्टॅण्डवर घ्या, मागचं चाक दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवा. ठकठक जाणवली तर चिमट्याचा बुश (सांध्यातली नळी) किंवा चाकाचा बेअरिंग गेला आहे. असल्या चिमट्यावर कितीही महागडा शॉकअप लावा, वळणावर गाडी शेपूट हलवणारच. बुश आधी बदला.

तिसरं, शॉकअपच्या वरच्या-खालच्या डोळ्यातले रबर. झिजले की स्पीड ब्रेकरवर 'टक' असा कोरडा आवाज येतो. बऱ्याच शॉकअपचे रबर स्वस्तात वेगळे मिळतात. चौथं, सीटचा फोम. दहा वर्षांच्या सीटमध्ये फोम उरतच नाही, पत्र्यावर बसल्यासारखं होतं. तो भरून घेतला तरी निम्मी तक्रार मिटते.

हे सगळं ठीक असेल तर शॉकअपकडे या. सीटचा मागचा भाग दोन्ही हातांनी जोरात दाबा आणि सोडा. गाडी वर येऊन थांबली तर तेलाचं काम चालू आहे. वर येऊन पुन्हा खाली, पुन्हा वर असे झोके घेतले तर स्प्रिंगला आवरणारं आत काही उरलेलं नाही. दांड्यावर किंवा खालच्या नळीवर तेलाचा ओला थर आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली तर सील फुटलेलं आहे. दांडा वाकला असेल, त्यावर गंजाचे खड्डे असतील, तर नवं सीलही टिकणार नाही. मागच्या टायरची नक्षी थोड्या थोड्या अंतरावर खळग्यांसारखी झिजली असेल तर तीही मेलेल्या शॉकअपची खूण असू शकते.

स्प्रिंग सहसा मरत नाही, हे लक्षात ठेवा. मरतं ते तेल आणि सील. पण स्प्रिंग जिवंत असूनही तुमच्या वजनाला चुकीची असू शकते, आणि इकडे बहुतेकदा दुखणं तेच असतं.

गाडी किती बसते ते मोजा

हे काम नव्या शॉकअपच्या आधी, जुन्याच शॉकअपवर करायचं. टेप, चिकटपट्टी, कागद-पेन आणि दोन माणसं पुरतात. जागा सपाट हवी. गावातला सिमेंटचा रस्ता चालेल, अंगण नको.

गाडी सेंटर स्टॅण्डवर घ्या, मागचं चाक लोंबकळत असू द्या. चाकाच्या एक्सलच्या मधोमध एक खूण, आणि तिच्या सरळ वर, सीटखालच्या पॅनेलवर चिकटपट्टीची दुसरी खूण. दोन्हींतलं अंतर मिलिमीटरमध्ये लिहा. हे पहिलं माप.

आता गाडी स्टॅण्डवरून खाली घ्या, एकाने हँडल धरून सरळ ठेवा, वर कुणी बसू नका. सीट एकदा दाबून अलगद सोडा आणि मोजा. मग सीट थोडी उचलून अलगद सोडा आणि पुन्हा मोजा. बुश आणि सीलच्या घर्षणामुळे दोन आकडे थोडे वेगळे येतील, त्यांची सरासरी हे दुसरं माप. पहिल्यातून दुसरं वजा केलं की गाडी स्वतःच्या वजनाने किती बसते ते कळतं.

तिसरं माप तुम्ही रोजच्या कपड्यांत, दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवून बसल्यावर. चौथं माप मागची व्यक्ती आणि रोजचं ओझं, सगळं चढवल्यावर. प्रत्येक वेळी तेच दाबणं-सोडणं, तीच सरासरी.

या बसण्याला सॅग म्हणतात. रस्त्यावरच्या गाडीसाठी साधा ठोकताळा असा, की चालवणारा बसल्यावर मागचा भाग चाकाच्या एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश इतका बसावा. यूसीई (इंजिन-गिअरबॉक्स एकत्र असलेल्या) इंजिनच्या जुन्या क्लासिक ३५० मध्ये मागचं चाक ८० मिमी वर-खाली होतं, म्हणजे २० ते २७ मिमी सॅग हवा. इंटरसेप्टरला ८८ मिमी आहेत, तिथे २२ ते २९. गाडी नुसती उभी असताना ५ ते १५ मिमी बसली तर ठीक.

सॅग मुळात हवाच कशाला? चाक नुसतं वर जायला मोकळं असून भागत नाही, ते खड्ड्यात खालीही उतरलं पाहिजे. गाडी अजिबात बसत नसेल तर प्रत्येक खड्ड्यावर चाक हवेत राहतं. अशी गाडी ओल्या काळ्या मातीच्या रस्त्यावर मागून सटकते.

आता वजनाचा हिशोब

इथे एक गोणी कामाला येते. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची आहे. डीएपीची ५०. न फोडलेली युरियाची गोणी म्हणजे घरात असलेलं भरवशाचं वजनमाप. ती सीटच्या मागच्या भागावर, शक्य तितकी एक्सलच्या सरळ वर ठेवा आणि गाडी आणखी किती बसली ते मोजा.

समजा १२ मिमी बसली. ४५ भागिले १२, म्हणजे ३.७५. मागच्या चाकावर एक मिलिमीटर बसायला पावणेचार किलो लागतात. हा तुमच्या आत्ताच्या दोन्ही स्प्रिंगांचा, शॉकअपच्या तिरकेपणासकटचा खरा आकडा. दुकानातल्या कुठल्याही खोक्यावर तो सापडणार नाही.

आता रोजचं वजन मांडू. चालवणारा ७५ किलोचा. त्यातलं साधारण ६० टक्के मागच्या चाकावर येतं, म्हणजे ४५. मागे बसलेली व्यक्ती ६० किलोची. तिचं वजन जवळजवळ सगळंच मागच्या चाकावर येतं. कॅरियरवर ४५ किलोची गोणी. कॅरियर एक्सलच्या मागे बाहेर निघालेला असेल तर त्या गोणीचा भार ४५ पेक्षाही जास्त पडतो, कारण ती पुढचं चाक उचलायला बघते. बेरीज दीडशे किलोच्या घरात.

दीडशे भागिले ३.७५, म्हणजे ४० मिमी. गाडी स्वतःच्या वजनाने १० मिमी आधीच बसलेली. एकूण ५०. ८० पैकी उरले ३० मिमी, आणि पुढे कोळशाच्या ट्रकांनी फोडलेला वणी-घुग्गुसचा रस्ता किंवा सुरजागडच्या लोहखनिजाच्या गाड्यांनी उखडलेला आलापल्लीकडचा. पहिल्या खोल खड्ड्यात लोखंडावर लोखंड आदळणार. हाच माणूस एकटा निघाला तर ४५ भागिले ३.७५ म्हणजे १२, अधिक १०, एकूण २२ मिमी. अगदी जिथे हवं तिथे. कंपनीची स्प्रिंग वाईट नाही, ती एकट्यासाठी बरोबर आहे.

स्प्रिंग वीस टक्के कडक घेतली तर चाकावरचा आकडा ४.५ होतो. पूर्ण ओझ्यावर गाडी सुमारे ४० मिमी बसेल, निम्मी हालचाल शिल्लक राहील. एकटं असताना १८ मिमी, म्हणजे जरा कडक, पण चालण्यासारखी. तुमच्या रोजच्या फेऱ्यांपैकी बहुतेक कशा असतात यावर इथे निर्णय घ्यायचा. वर्षातून आठ दिवस गोणी वाहणाऱ्याने कडक स्प्रिंग घेऊन उरलेलं वर्ष दणके खाऊ नयेत. त्या आठ दिवसांसाठी प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी रिंग आहे. रोज सकाळी दुधाचा कॅन नेणाऱ्याचं वेगळं. चाळीस लिटर दूध म्हणजे ४१ किलोच्या वर, कॅन वेगळा, आणि दोन्ही बाजूंना कॅन लटकवले तर दुप्पट. त्याने कॅन भरलेलेच धरून स्प्रिंग निवडावी.

गाडीच्या पुस्तकात एकूण कमाल वजन दिलेलं असतं. त्यातून गाडीचं वजन वजा करा. उरतं तेवढंच, माणसं धरून, गाडीवर चढवायची परवानगी आहे. कडक शॉकअपने ती मर्यादा वाढत नाही. फ्रेम, रिम, ब्रेक, स्पोक सगळं जुन्याच हिशोबाचं असतं.

प्रीलोड आणि स्प्रिंग या वेगळ्या गोष्टी

शॉकअपच्या खालच्या बाजूला खाचांची रिंग असते. जुन्या क्लासिकला पाच खाचा, नवीला सहा. सी-पान्याने ती फिरवली की "शॉकअप कडक केला" असं गावभर म्हणतात. खरं तर त्याने स्प्रिंग कडक होत नाही, आधीच थोडी दाबून ठेवली जाते. गाडी त्याच स्प्रिंगवर जरा उंचावरून सुरुवात करते. एका मिलिमीटरला लागणारे किलो तेवढेच राहतात.

यातून एक सोपी परीक्षा निघते. प्रीलोड फिरवून, तुम्ही बसल्यावरचा सॅग बरोबर आणा. मग खाली उतरा आणि रिकामी गाडी किती बसते ते बघा. रिकामी गाडी जवळजवळ बसतच नसेल, तर स्प्रिंग मऊ आहे आणि तुम्ही ती प्रीलोडने ताणून धरली आहे. रिकामीच खूप बसत असेल तर स्प्रिंग तुम्हाला कडक आहे. हे एवढं केलं तरी दुकानदाराला काय सांगायचं ते नक्की होतं.

स्प्रिंगचा कडकपणा डोळ्यांनी ओळखता येत नाही, व्हर्नियरने (जाडी बारीक मोजायच्या पट्टीने) येतो. तारेच्या जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो. बाकी सगळं सारखं असताना ७ मिमी तारेच्या जागी ७.५ मिमीची तार आली की स्प्रिंग सुमारे ३२ टक्के कडक होते. अर्ध्या मिलिमीटरचा फरक हाताला लागतही नाही. म्हणून "दिसायला सारखीच आहे" यावर जाऊ नका. जुन्या-नव्या दोन्ही तारा मोजा, वेढे मोजा, बाहेरचा व्यास मोजा. गावात व्हर्नियर लेथवाल्याकडे हमखास असतो.

काही स्प्रिंगांचे वेढे एका टोकाला जवळजवळ असतात. त्या सुरुवातीला मऊ लागतात आणि दाबत नेलं की कडक होतात. कधी एकटा, कधी डबलसीट असं चालवणाऱ्याला त्या सोयीच्या. फक्त अशा स्प्रिंगवर गोणीचं मोजमाप स्वतः बसून घ्या, नाहीतर आकडा फसवा येतो.

दोन जुगाड मात्र नकोच. वेढ्यांमध्ये रबराचा गुटका अडकवणं हा पहिला. तो अडकला तिथले वेढे काम करायचे थांबतात, उरलेल्यांवर सगळा ताण येतो, आणि एक दिवस स्प्रिंग तुटते किंवा शॉकअपचा डोळाच उघडतो. दुसरा म्हणजे स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणं. गाडी खाली बसते, टायर मडगार्डला लागतो, आणि वर स्प्रिंग कडकही होते. पोट्टे हे रीलसाठी करतात, भोगतो मात्र मागे बसलेला.

तेल, गॅस आणि तो डब्बा

स्प्रिंग गाडी पेलते, तेल तिला आवरतं. दांड्याच्या टोकाला छिद्रं असलेला पिस्टन असतो, तो तेलातून वर-खाली होतो आणि उसळीची ताकद उष्णतेत बदलते. स्प्रिंग दाबली जातानाचा अडथळा म्हणजे कॉम्प्रेशन, परत येतानाचा रिबाउंड. बहुतेक शॉकअपमध्ये रिबाउंडचा अडथळा जास्त ठेवलेला असतो, कारण साठलेली ताकद सीटकडे येते ती तेव्हाच.

विदर्भात हे दोन्ही वेगवेगळ्या रस्त्यांवर कळतं. वर्धा, यवतमाळ, अकोला या कापूसपट्ट्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचा डांबरी रस्ता फुटला नाही तरी लाटा धरतो. साठ-सत्तरच्या वेगाने त्या लाटांवर गाडी झोके घेऊ लागली, तर रिबाउंड कमी पडतो आहे. याउलट खाणपट्ट्यातले धारदार काठांचे खड्डे आणि उघडी गिट्टी. तिथे झटक्याने चाक वर येतं, आणि कॉम्प्रेशन फार कडक असेल तर तो झटका सरळ कण्यात जातो. पांदणीवर वेग नसतो, तिथे दोन्हींपेक्षा सॅग बरोबर असणं जास्त महत्त्वाचं.

"गॅसचा शॉकअप" म्हणजे आत तेल नाही, असा एक समज आहे. तेल असतंच. त्यावर नायट्रोजनचा दाब ठेवलेला असतो, त्यामुळे पिस्टन वेगाने हलला तरी तेलात पोकळी होत नाही. इमल्शन प्रकारात गॅस आणि तेल एकाच नळीत एकत्र असतात. नव्या क्लासिक आणि मीटिओरला तसेच आहेत. स्वस्त, साधे, टिकाऊ. पण खडबडीत रस्त्यावर न थांबता दौड झाली की आत हलवलेल्या सोडा बाटलीसारखा फेस होतो आणि अडथळा ढिला पडतो. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचं उन्हाळ्यातलं तापमान ४५ च्या पुढे जातं. सावलीत एवढी हवा तापलेली असताना तेलाची उष्णता बाहेर जाणार कुठे? तेल पातळ होतं आणि सकाळी चांगली वाटलेली गाडी दुपारी उसळू लागते. ती संध्याकाळी पुन्हा सुधारत असेल तर शॉकअप गेलेला नाही, तापतो आहे.

डब्ब्याचं खरं काम इथे आहे. चांगल्या शॉकअपच्या डब्ब्यात सरकता पिस्टन असतो, एका बाजूला तेल, दुसऱ्या बाजूला गॅस. दोघं मिसळत नाहीत, फेस होत नाही, तेलही जास्त मावतं. पण बाजारात नुसता शोभेचा डब्बाही भरपूर विकला जातो, आतून पोकळ किंवा मुख्य नळीशी जोडलेलाच नसलेला. दुकानदाराला विचारा की डब्ब्यात काय आहे आणि शॉकअप पुन्हा भरून मिळतो का. उत्तर "लूक येते ना भाऊ" असं आलं की साधाच घ्या.

स्प्रिंग बरीच कडक केली तर रिबाउंडही त्या प्रमाणात हवा. जुन्या थकलेल्या तेलावर कडक स्प्रिंग चढवली की गाडी आणखीच उसळते. दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत नुसती स्प्रिंग बदलून भागतं, त्यापुढे पूर्ण शॉकअपच बदलावा.

दुकानात न्यायची मापं

चाक लोंबकळत असताना वरच्या डोळ्याच्या मध्यापासून खालच्या डोळ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर, हे मुख्य. दोन्ही बाजूंचं घ्या. मग दोन्ही डोळ्यांतल्या नळीचा आतला व्यास आणि तिची रुंदी. खालचं टोक डोळ्याचं आहे की यू आकाराच्या काट्याचं, तेही पाहा. शेवटी स्प्रिंगच्या बाहेरच्या व्यासाला चेनकव्हर, सायलेन्सर आणि कॅरियरच्या पट्टीपासून किती मोकळी जागा आहे ते मोजा. डब्बा असलेल्या शॉकअपसाठी हे शेवटचं माप फार जण विसरतात आणि मग पट्टी वाकवत बसतात.

लांबी शक्यतो मूळ तेवढीच ठेवा. मागून गाडी उंच झाली की हँडल हलकं, चंचल होतं, साइड स्टॅण्डवर गाडी जास्त कलते आणि सेंटर स्टॅण्डवर चाक जमिनीला टेकू लागतं. आखूड घेतला तर टायर मडगार्डला लागण्याची भीती. आणि शॉकअप पूर्ण दाबल्यावर त्याची लांबी किती उरते, हेही विक्रेत्याला विचारा. उघडी लांबी सारखी असूनही दाबलेली वेगळी असू शकते.

डोळा बसत नाही म्हणून फ्रेमची पिन कापणं, तिला वेल्डिंग करणं, हे मात्र कुणालाही करू देऊ नका. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदलांना आडवं येतं, आणि अपघातानंतर विम्याचा माणूस पहिली नजर अशा जोडावरच टाकतो.

काय घ्यावं

माझं मत सरळ आहे. एकटं किंवा अधूनमधून डबलसीट चालवणाऱ्याने कंपनीची मूळ जोडी घ्यावी आणि उरलेल्या पैशात चिमट्याचे बुश आणि चांगला टायर बसवावा. एंड्युरन्स, गॅब्रिएल, मुंजाल शोवा हे भारतात गाड्यांच्या कंपन्यांना शॉकअप पुरवणारे मोठे उत्पादक. त्यांचा, तुमच्या मॉडेलसाठीचा शॉकअप मिळत असेल तर तोही चालेल.

रोज ओझं वाहणाऱ्याने कडक स्प्रिंगचा पर्याय शोधावा. थायलंडच्या वायएसएसचे शॉकअप भारतात मिळतात. ब्रिटनची हॅगॉन चालवणाऱ्याचं वजन विचारून स्प्रिंग देते, आणि खरं तर असंच विकायला हवं. स्वीडनच्या ओलिन्सची जोडी ६५० ला बसते, पण तिच्या पैशात गावात एखादी जुनी मोटरसायकल येते. मेळघाटात परतवाडा-चिखलदरा घाट शौकाने चालवणाऱ्यांची गोष्ट निराळी.

महाग शॉकअपचं एक कुणी सांगत नाही. तो उघडून, तेल बदलून, गॅस भरून मिळतो हा त्याचा गुण, पण भरून देणारा तुमच्या तालुक्यात नाही. पुण्या-मुंबईला कुरिअर करायचं तर तितके दिवस गाडी उभी. दुसरी गाडी नसलेल्याने सीलबंद साधी जोडी घ्यावी. गेली की बदलावी.

जिल्ह्याच्या ठिकाणी शॉकअप उघडून तेल भरून देणारे कारागीर असतात. जुन्या, गॅस नसलेल्या शॉकअपवर त्यांचा हात चांगला चालतो आणि त्यांच्याकडे जायला हरकत नाही. गॅसचा शॉकअप मात्र त्यांच्याकडे देऊ नका. दाबाखालचा नायट्रोजन छिद्र पाडताना तोंडावर येऊ शकतो, आणि पुन्हा भरायची सोय नसेल तर शॉकअप आधीपेक्षा वाईट होतो.

जोडी म्हणजे जोडीच. एक नवा आणि एक जुना लावला तर चिमट्यावर दोन बाजूंनी वेगळा जोर पडतो. पार्ट नंबर पुस्तकाशी ताडून बघा, पक्कं बिल घ्या, भंगारातला "जवळपास नवीन" तिथेच सोडा.

एका शॉकअपच्या हिमालयनसारख्या गाडीत चिमटा आणि शॉकअप यांच्या मधे लिंक (जोडणारी तरफ) असते, त्यामुळे चाक जितकं हलतं त्याच्या बरंच कमी शॉकअप हलतो. वरचं मोजमाप तिथेही तसंच करायचं, कारण ते चाकापाशी होतं. फक्त सॅगचा आकडा मोठा येईल, हिमालयन ४११ ला मागे १८० मिमी हालचाल आहे. तिथे अनेकदा नुसती स्प्रिंग बदलूनही काम होतं, आणि शॉकअप काढलाच आहे तर लिंकच्या बेअरिंगना ग्रीस भरून घ्या. चिखलाच्या गाड्यांत ते बहुतेक कोरडेच निघतात.

बसवताना

गाडी सेंटर स्टॅण्डवर, इंजिनखाली लाकडी ठोकळा, चाक जमिनीला जेमतेम टेकलेलं. कॅरियर, साइड बॉक्स आडवे येत असतील तर काढा. एका वेळी एकच बाजू सोडा. दुसरी बाजू चिमटा जागेवर धरून ठेवते. वायसर कोणत्या क्रमाने निघाले त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, ही सवय मिस्त्रीलाही लावा.

चिमटा तपासायचा असेल तर त्या वेळेपुरत्या दोन्ही बाजू सोडा आणि चिमटा हाताने वर-खाली, आजूबाजूला हलवा. वर-खाली अलगद, आजूबाजूला अजिबात नाही, असं हवं. पिन साफ करून पातळ ग्रीस लावा, पण रबराला साधं ग्रीस लागू देऊ नका, रबर फुगतं.

दोन्ही बाजूंची खाच सारखी ठेवा. नट आधी हाताने बसवा, मग गाडी चाकावर उभी करून, कुणाला तरी सीटवर बसवून पक्के आवळा. लोंबकळत्या चाकावर आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. किती आवळायचं ते पुस्तकात आहे. नुसत्या हाताच्या जोरावर जाऊ नका, ठरावीक जोराने आवळणारा टॉर्क पाना मागा. आतून नायलॉन असलेला लॉकनट एकदा काढला की नवा घाला.

मागची उंची जरा जरी बदलली तरी चेनचा ढिलेपणा पुन्हा बघावा लागतो. चिमट्याचा सांधा, पुढचं स्प्रॉकेट आणि एक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वात ताणलेली असते, म्हणून गाडीवर कुणीतरी बसलेलं असताना चेन तपासा. हेडलाइटचा झोतही बदलतो, तो रात्री भिंतीवर बघा.

रस्त्यावर जुळवणं

पुन्हा तीच चार मापं घ्या आणि सॅग बसवा. मग एक ठरावीक रस्ता निवडा, ज्यात स्पीड ब्रेकर, लाटांचा डांबरी तुकडा आणि थोडी कच्ची वाट असेल. समृद्धी महामार्गावर दुचाकीला तशीही बंदी आहे, तेव्हा आपल्या जुन्याच रस्त्यांवर जुळवायचं आहे. एकच बदल करा, तोच रस्ता चालवा, वहीत लिहा. रिबाउंडचा नॉब असेल तर पूर्ण बंद करून किती खटके मागे आलात ते मोजा, आणि शेवटाला जोर लावू नका. स्पीड ब्रेकरनंतर गाडी पुन्हा उसळत असेल तर एक-दोन खटके आत घ्या. सलग खड्ड्यांवर गाडी खाली खाली बसत जात असेल आणि कडक लागत असेल तर बाहेर.

दांडा उघडा दिसत असेल तर त्याला केबल टाय हाताने सरकेल पण आपोआप घसरणार नाही इतपत बांधा आणि सीलला टेकवून ठेवा. ओझ्यासकट फेरी मारून आल्यावर तो जिथे सरकला तिथपर्यंत शॉकअप दबला होता. रोज टोकाला जात असेल तर स्प्रिंग अजून मऊ आहे. निम्म्याच्याही पुढे कधीच जात नसेल तर जास्त कडक.

पहिल्या आठवड्यानंतर नट पुन्हा तपासा. पावसाळ्यात चिकण काळा चिखल दांड्यावर सुकला तर सील कापतो, तेव्हा शेतातून आल्या आल्या साध्या पाण्याने दांडा ओला करून कापडाने पुसा. वॉशिंग सेंटरचा फवारा सरळ सीलवर मारू देऊ नका. जुनी गॅसची जोडी भंगारवाल्याला देताना आत दाब आहे हे त्याला आवर्जून सांगा, तो सरळ गॅस कटर लावतो.